मोगरा-कॉफीच्या परफ्यूममध्ये कॉफीच नसल्याबाबत तक्रार

दिनांक : ७ मार्च

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ५० मिलिलिटर ओ द पार्फमची सदोष बाटली आणि खोक्यावरील आयातीची झाकलेली माहिती याबाबत

महोदय,

मी आपल्या संकेतस्थळावरून २ फेब्रुवारी रोजी मोगरा आणि कॉफी यांचा मेळ म्हणून विकले जाणारे ५० मिलिलिटरचे परफ्यूम १२,८०० रुपये भरून मागवले. ११ फेब्रुवारीला ते घरपोच मिळाले. त्या बाटलीत मोगरा आहे, व्हॅनिला तर गरजेपेक्षा जास्त आहे, परंतु कॉफी नाही. ही तक्रार मी १२ फेब्रुवारीला ईमेलने आपल्याला कळवली होती. तिची साधी पोचसुद्धा नऊ दिवसांनी आली आणि त्यानंतर मिळालेले उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

हे परफ्यूम मी जाहिरात पाहून घेतलेले नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या दालनातील विक्रेतीने मला त्याची २ मिलिलिटरची नमुन्याची कुपी दिली होती. माझे बालपण माटुंग्यात गेले. तेथे बाजारातून जाताना एका बाजूला मोगऱ्याचे गजरे आणि अबोलीच्या वेण्या विणत बसलेल्या बायका आणि चार पावलांवर कॉफी भाजून दळून देणारे दुकान, असे दोन्ही वास एकाच श्वासात मिळत असत. संध्याकाळी कळ्या उमलू लागल्या की मोगरा चढायचा, आणि दुकानातले दळणयंत्र सुरू झाले की त्याच्यावर कॉफीची खमंग, किंचित करपट झाक यायची. पुढे एकदा मार्चमध्ये चिकमंगळूरला गेले असता कॉफीचे मळे फुललेले पाहिले. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत झाडे पांढऱ्या फुलांनी लगडतात, आणि त्या फुलांचा वास थेट मोगऱ्याच्या कुळातला वाटतो. त्यामुळे कॉफी आणि मोगरा ही जोडी कोणीतरी ओढूनताणून जमवलेली आहे असे मला कधीच वाटले नाही. आपल्या नमुन्यात ती जोडी खरोखर साधलेली होती. मनगटावर लावताच आधी भाजलेल्या कॉफीचा कडवट वास आला, वीस मिनिटांनी त्यातून मोगरा वर आला, आणि पुढचे चार तास दोन्ही वास एकमेकांना धरून राहिले. ज्याने हे मिश्रण बांधले त्याच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. निवृत्तीनंतर स्वतःसाठी मी घेतलेली ही पहिलीच महागडी वस्तू होती.

बाटली उघडल्यावर सर्वांत आधी खटकला तो रंग. नमुन्यातील द्रव फिकट पिवळा आहे, तर बाटलीतील द्रव कोऱ्या चहासारखा तपकिरी आहे. दोन्ही खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले छायाचित्र सोबत जोडले आहे. फवारा मारल्यावर सुरुवातीला केवळ मद्यार्काचा झोत आला, त्यामागून गोड आणि जड व्हॅनिला आला, आणि मोगराही असा की कालचा गजरा सकाळी उशीवर सापडावा.

आपल्या प्रतिनिधीने उत्तरात असे लिहिले की गंध प्रत्येकाच्या त्वचेवर वेगळा उमटतो, तरी कॉफीच्या बिया हुंगून नाक मोकळे करावे आणि पुन्हा लावून पाहावे. त्वचेचा परिणाम होतो हे मी नाकारत नाही. परंतु ज्या परफ्यूममध्ये कॉफी सापडत नाही अशी तक्रार आहे, ते तपासण्याआधी कॉफीच हुंगायला सांगणे हा उपाय होऊ शकत नाही. मी अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे, म्हणून त्वचेचा प्रश्नच बाजूला ठेवून कागदावर चाचणी घेतली. गाळणकागदाच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापल्या, एकीवर नमुन्याचा आणि दुसरीवर बाटलीचा एकेक थेंब सोडला, मागे पेन्सिलीने फक्त क्रमांक घातले, आणि पंखा बंद करून माझ्या जाऊबाईंना व शेजारच्या काकूंना त्या हुंगायला दिल्या. कोणती पट्टी कशाची आहे हे दोघींनाही सांगितलेले नव्हते. सकाळी दहा वाजता दोघींनी वेगवेगळ्या खोलीत बसून क्रमांक एकच्या पट्टीला ‘कॉफी’ म्हटले. दुसरीला काकूंनी ‘केकचा इसेन्स’ म्हटले, तर जाऊबाईंनी ‘गोड, पण कशाचा ते कळत नाही’ असे सांगितले. साडेदहा, बारा आणि दोन वाजता पुन्हा विचारले तेव्हाही दुसऱ्या पट्टीवर कोणालाही कॉफी सापडली नाही. पहिल्या पट्टीवर ती दोन वाजतासुद्धा होती. क्रमांक एक म्हणजे आपणच दिलेला नमुना. ती कुपी चार महिन्यांपूर्वी उघडलेली आहे, म्हणजे बिघडायचेच असते तर ती आधी बिघडायला हवी होती.

असे का झाले असावे याचा माझा अंदाज येथे नोंदवते. आपल्या सूत्रात नेमके काय आहे हे आपणच जाणता. परंतु भाजलेल्या कॉफीच्या ताज्या वासात फर्फ्युरिलथायॉल या गंधकयुक्त संयुगाचा मोठा वाटा असतो. ते अगदी अत्यल्प असले तरी नाकाला जाणवते, आणि थायॉल वर्गातील संयुगे ऑक्सिजनच्या संपर्काने व उष्णतेने लवकर बदलतात. दळलेली कॉफी उघडी राहिली की तिचा वास उतरतो, त्यामागे हेही एक कारण आहे. व्हॅनिलीन मात्र चिवट असते, मागे राहते, आणि कालांतराने द्रवाला तपकिरी रंग आणते. मोगऱ्याच्या गंधातील इंडोलमुळेही रंग गडद होऊ शकतो. रंग गडद होणे, कॉफी जाणे आणि व्हॅनिला उरणे या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर ही बाटली बराच काळ पडून होती किंवा कोठेतरी उन्हात, तापलेल्या गोदामात राहिली, असे मानायला जागा आहे.

या शंकेला खोक्यानेच बळ दिले आहे. खोक्याच्या तळाशी आयातदाराचे नाव, कमाल किरकोळ किंमत आणि आयातीचा महिना-वर्ष सांगणारी चिकटपट्टी आहे. तिचा एक कोपरा सुटलेला होता आणि त्याखाली दुसरी, जुनी चिकटपट्टी दिसते. जुन्या पट्टीवरील वर्षाचा शेवटचा अंक नव्या पट्टीवरील अंकाशी जुळत नाही. मी वरची पट्टी ओढून काढलेली नाही. ती जशी आहे तशी ठेवली आहे, कारण ती आपण स्वतः पाहावी अशी माझी इच्छा आहे. आयात केलेल्या मालावर ही माहिती चिकटपट्टीने देतात हे मला माहीत आहे. परंतु आधीची तारीख झाकून तिच्यावर नवी तारीख लावणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि वासाच्या दोषापेक्षा मला ती अधिक गंभीर वाटते. वास उतरणे हा अपघात असू शकतो. तारखेवर तारीख आपोआप चिकटत नाही.

‘उघडलेली बाटली परत घेतली जात नाही’ हे आपले दुसरे उत्तर. परफ्यूमचा दोष बाटली न उघडता ग्राहकाला कसा कळावा? मन बदलले म्हणून कोणी वस्तू परत करत असेल तर हा नियम रास्त आहे, पण सदोष वस्तूच्या बाबतीत तो पुढे करणे योग्य नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करावे अशी अपेक्षा आहे. पहिली मुदत आपण पाळलेली नाही. दुसरी १२ मार्चला संपते.

माझी मागणी अशी आहे की, या बाटलीच्या बॅचचे उत्पादन केव्हा झाले आणि ती भारतात प्रत्यक्ष केव्हा आली हे मला लेखी कळवावे, चिकटपट्टीचा खुलासा करावा, आणि ताज्या बॅचमधील बाटली बदलून द्यावी किंवा १२,८०० रुपये पूर्ण परत करावेत. खरे सांगायचे तर मला पैशांपेक्षा ते परफ्यूमच हवे आहे. बाटली, खोके आणि नमुन्याची उरलेली कुपी मी तपासणीसाठी दाखवायला तयार आहे, मात्र त्या वस्तू लेखी पोच घेतल्याशिवाय हातातून सोडणार नाही. १२ मार्चपर्यंत समाधानकारक उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार माझ्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

याच बॅचच्या आणखी बाटल्या विक्रीस असतील तर त्या आधी तपासून पाहाव्यात, ही विनंती. ज्यांच्याजवळ तुलनेसाठी नमुन्याची कुपी नाही, त्यांना आपल्याला काय मिळाले नाही हे कळणारही नाही.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
माटुंगा, मुंबई

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, ईमेल पत्रव्यवहाराच्या प्रती, द्रवाच्या रंगाचे व खोक्याच्या तळाचे छायाचित्र, चाचणीच्या नोंदी.