राष्ट्राध्यक्ष होऊ पाहणारे आधी काय करत होते

डी मॉइन, आयोवा
५ जानेवारी २००८

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस बेबीचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे हे आधी लिहिते, कारण आई पत्राचा पहिला परिच्छेद तेवढ्यासाठीच वाचते. थंडी आहे, पण घरात, गाडीत आणि ऑफिसात हीटर आहे, मी कानटोपी घालते आणि दोन्ही वेळा गरम जेवते. शुक्रवारी सकाळी तुम्ही फोन केलात तेव्हा इथे गुरुवारची रात्र होती आणि मी शेजारच्या आजींबरोबर त्यांच्या पक्षाच्या सभेला गेले होते, म्हणून तो उचलला गेला नाही. मी एकटी हिंडत नव्हते. तिथे मला मत नव्हते, कडेला बसून पाहण्याची परवानगी तेवढी होती, त्यामुळे व्हिसाला काडीचाही धोका नाही, हे दादाला आवर्जून सांगा.

बाबा, मागच्या पत्रात तुम्ही विचारले होते की राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिलेली ही एवढी माणसे मुळात आहेत कोण आणि आजवर त्यांनी केले काय. मालगाडीचा गार्ड जसा वर्षे भरली की पॅसेंजरवर आणि पुढे मेलवर जातो, तशी इथेही काही ज्येष्ठतेची यादी असेल असा तुमचा समज दिसतो. तशी यादी इथे नाही. राज्यघटनेने अटी घातल्या आहेत त्या तीनच: जन्माने अमेरिकेचा नागरिक असावा, वय किमान ३५ असावे आणि देशात १४ वर्षे वास्तव्य झालेले असावे. शिक्षणाची अट नाही, अनुभवाची तर नाहीच. याच आयोवा राज्यात वेस्ट ब्रँच नावाच्या लहानशा गावी जन्मलेले हर्बर्ट हूवर हे खाणींचे इंजिनिअर होते आणि १९२८ साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून येण्यापूर्वी त्यांनी एकही निवडणूक जिंकलेली नव्हती. हॅरी ट्रूमन यांचे पुरुषांच्या कपड्यांचे दुकान बुडाले होते आणि त्यांच्याकडे पदवीही नव्हती. रेगन यांचे ऐकाल तर तुम्हाला गंमत वाटेल. नट होण्याआधी ते याच डी मॉइन शहरात रेडिओवर खेळांचे समालोचन करत असत. शिकागोतला बेसबॉलचा सामना तारेने तुकड्यातुकड्यांनी कळे आणि हे गृहस्थ स्टुडिओत बसून तो डोळ्यांसमोर चालू असल्यासारखा श्रोत्यांना सांगत. स्टेशनात तारेची कडकट्ट ऐकत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला त्यातले कौशल्य मी काय समजावणार!

एवढे असूनही बहुतेकांची वाट वकिलीवरूनच जाते. या वेळच्या डेमोक्रॅटिक उमेदवारांपैकी बराक ओबामा, हिलरी क्लिंटन, जॉन एडवर्ड्स, जोसेफ बायडन आणि क्रिस्टोफर डॉड हे सगळे कायदा शिकलेले, रिपब्लिकन बाजूला जुलियानी आणि थॉम्पसनही तसेच. वकिलीनंतर सेनेट, म्हणजे इथल्या संसदेचे वरचे सभागृह, किंवा गव्हर्नरकी. इथला गव्हर्नर म्हणजे निवडून आलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार पाहणारा माणूस असतो, राजभवनातला नव्हे. लोकांचा कल या गव्हर्नरांकडे जास्त. कार्टर, रेगन, बिल क्लिंटन आणि आताचे बुश हे सगळे गव्हर्नर होते. सेनेटच्या खुर्चीवरून थेट राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले दोघेच, १९२० साली हार्डिंग आणि १९६० साली केनेडी. तरीही दर खेपेला सेनेटर उभे राहतातच.

तुम्हाला आवडला असता असा उमेदवार म्हणजे बायडन. १९७२ साली ते २९ वर्षांचे असताना सेनेटवर निवडून आले. सेनेटरचे किमान वय ३० लागते, ते त्यांना निकालानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी पूर्ण झाले. त्याच डिसेंबरात मोटारीच्या अपघातात त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी गेली, दोन मुलगे जखमी झाले, आणि बायडन यांनी शपथ घेतली ती मुलांच्या इस्पितळात. मुलांना रात्री बाप घरी दिसावा म्हणून त्यांनी वॉशिंग्टनात बिऱ्हाड केले नाही. विल्मिंग्टनहून रोज आगगाडीने जाणे-येणे ठेवले, ते मुले मोठी झाली तरी सुटले नाही, या जानेवारीत त्याला ३५ वर्षे होतील. आज ते सेनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या सेवापुस्तकात खाडाखोड सापडणार नाही असे तुम्ही म्हणाला असतात, जरी १९८७ साली दुसऱ्याच्या भाषणातला मजकूर नाव न घेता वापरल्याच्या आरोपामुळे त्यांना एकदा माघार घ्यावी लागली होती.

डॉड हेही जुनेजाणते सेनेटर. त्यांनी तर आयोवाकरांची मने जिंकण्यासाठी बायकामुलांसह बिऱ्हाडच डी मॉइनला हलवले आणि मुलीला इथल्या बालवर्गात घातले. न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर बिल रिचर्डसन पूर्वी संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेचे राजदूत आणि नंतर ऊर्जामंत्री होते. आपला अनुभव एवढा मोठा की टीव्हीवरच्या जाहिरातीत ते नोकरीच्या मुलाखतीला बसलेले दाखवले आहेत आणि समोरचा कंटाळलेला साहेब त्यांच्या कामांची यादी वाचून दाखवतो. जाहिरात सगळ्यांना आवडली, उमेदवार मात्र फारसा कोणाच्या मनात भरला नाही. एडवर्ड्स हे गिरणी कामगाराचे चिरंजीव, आणि ते प्रत्येक भाषणात सांगतात. नुकसानभरपाईचे खटले लढवून त्यांनी अमाप पैसा केला, पण गेल्या वर्षी ४०० डॉलरच्या केशकर्तनाची बातमी फुटल्यापासून गिरणीचा विषय निघाला की लोक गालात हसतात.

रिपब्लिकनांत मॅकेन यांचे आयुष्य ऐकताना अंगावर काटा येतो. आजोबा आणि वडील दोघेही नौदलात अ‍ॅडमिरल. स्वतः मात्र नौदल अकादमीतून ८९९ जणांत ८९४वे आले. (हे कृपा करून बंटीला सांगू नका, दहावीचे वर्ष आहे.) १९६७ साली हनोईवर त्यांचे विमान पडले आणि पुढची साडेपाच वर्षे कैदेत गेली. वडील मोठ्या हुद्द्यावर म्हणून त्यांना लवकर सोडण्याची तयारी व्हिएतनाम्यांनी दाखवली होती, पण आधी पकडलेले आधी सुटले पाहिजेत म्हणून त्यांनी ती नाकारली. आजही त्यांचे हात खांद्यांच्या वर नीट जात नाहीत. मिट रॉम्नी यांचे वडील मिशिगनचे गव्हर्नर होते, ते स्वतः गुंतवणुकीच्या धंद्यात गब्बर झाले, सॉल्ट लेक सिटीचे हिवाळी ऑलिंपिक सावरले आणि मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झाले. रॉन पॉल हे चक्क प्रसूतितज्ज्ञ आहेत. माइक हकबी हे बाप्टिस्ट पाद्री आणि पुढे आर्कान्सॉचे गव्हर्नर, बिल क्लिंटन यांच्याच होप गावचे. शंभर पौंडांहून अधिक वजन उतरवल्यामुळे आणि गिटार वाजवत असल्यामुळे ते लोकांना घरातलेच वाटतात.

आई, तू फोनवर विचारलेस की आपल्या प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तशी बाई तिकडे का होऊ नये. प्रतिभाताई १९६२ साली २७ वर्षांच्या असताना जळगावातून आमदार झाल्या तेव्हा हिलरीबाई शाळेत होत्या. पण इथला राष्ट्राध्यक्ष आपल्या पंतप्रधानाच्या तोडीचा असतो, त्यामुळे भांडण वेगळ्या दर्जाचे आहे. हिलरीबाई येल विद्यापीठातल्या वकील, १९७४ साली निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या चौकशीत काम केलेल्या, आणि २००१ पासून न्यूयॉर्कच्या सेनेटर. त्यांचा खरा अनुभव कुठून मोजायचा यावरच लोक हुज्जत घालतात, कारण नवऱ्याच्या कारकिर्दीतली व्हाइट हाउसमधली आठ वर्षे कोणी कामात धरतो, कोणी संसारात. हा प्रश्न पुरुष उमेदवाराला कोणी विचारत नाही, हे तुझ्या लक्षात येईलच.

आता ती गुरुवारची सभा, जिला कॉकस म्हणतात आणि जिथे लोक आपल्या पक्षाचा उमेदवार कोण असावा ते सांगतात. ती मी सविस्तर सांगते, कारण पाहूनही माझा विश्वास बसला नाही. प्रत्येक वॉर्डातले डेमोक्रॅट संध्याकाळी सातला शाळेत किंवा चर्चमध्ये जमतात. मतपेटी नसते, चिठ्ठी नसते, गुप्तता तर नसतेच. आमच्या शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये भिंतींवर उमेदवारांच्या नावांचे कागद चिकटवले होते आणि ज्याला जो हवा त्याच्या कागदाखाली जाऊन उभे राहायचे होते. नवरा एका भिंतीशी आणि बायको समोरच्या भिंतीशी, असे मी डोळ्यांनी पाहिले. मग माणसे मोठ्याने मोजतात. ज्या घोळक्यात एकूण हजेरीच्या १५ टक्के माणसे भरत नाहीत तो बाद होतो, आणि त्यातल्या लोकांना अर्ध्या तासात दुसऱ्या घोळक्यात जावे लागते किंवा घरी जावे लागते. तो अर्धा तास म्हणजे खरा बाजार. बिस्किटांची ताटे पुढे येतात, जुन्या ओळखी निघतात, कोणी कोणाच्या अंगणातला बर्फ काढला होता त्याची आठवण दिली जाते. रिपब्लिकन लोक मात्र चिठ्ठीवर नाव लिहून मोकळे होतात. रात्रपाळीच्या नर्सने किंवा तान्हे मूल असलेल्या बाईने सातला यावे कसे, याचे उत्तर मला कोणी देऊ शकले नाही, आणि त्या बाबतीत आपली मतपेटी शंभर पटींनी बरी, हे माझे मत मी आजींना सांगून टाकले.

आजी निवृत्त शिक्षिका. त्या बायडन यांच्या कागदाखाली उभ्या होत्या आणि त्यांच्यासोबत जेमतेम एका टेबलाभोवती बसतील एवढी माणसे, बहुतेक पांढऱ्या केसांची. घोळका बाद झाल्यावर एडवर्ड्सवाले आले, क्लिंटनवाल्या बाई आल्या, आणि मग ओबामांच्या बाजूचा एक कॉलेजातला पोरगा. पोराने काही युक्तिवाद केला नाही, आजींचा कोट मात्र खुर्चीवरून उचलून हातात धरला. आजी म्हणाल्या, "काम येणाऱ्याकडे मी उभी राहून झाले, आता ऐकावेसे वाटते त्याच्याकडे जाते," आणि गेल्या.

बाबा, तुम्ही म्हणाल की हा काय निकष झाला. ओबामा यांना सेनेटमध्ये आत्ता कुठे तीन वर्षे झाली आहेत. वडील केनियाचे, आई कॅन्ससची, जन्म होनोलुलूचा आणि बालपणातली काही वर्षे जकार्तात गेलेली. कॉलेजनंतर शिकागोत गरीब वस्त्यांत संघटनेचे काम केले, मग हार्वर्डला कायदा शिकले आणि तिथल्या कायदेविषयक नियतकालिकाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. पुढे शिकागो विद्यापीठात घटना शिकवत राज्याच्या सेनेटमध्ये होते. २००० साली संसदेच्या उमेदवारीसाठी पक्षातच उभे राहिले तेव्हा सपशेल आपटले. आणि आयोवा हे जवळजवळ सगळे गोऱ्यांचे राज्य, तिथे ते पहिले आले, एडवर्ड्स दुसरे, हिलरीबाई केसभर मागे तिसऱ्या. रिपब्लिकनांत पैसेवाल्या रॉम्नींना हकबींनी हरवले. बायडन आणि डॉड यांनी त्याच रात्री माघार घेतली. ६५ वर्षांच्या बायडन यांची ही हौस आता कायमची फिटली असे ऑफिसात सगळे म्हणतात. मला वाईट वाटले. आता मंगळवारी न्यू हॅम्पशायरची पाळी आहे आणि तिथे काय होईल ते कळवीनच.

जागा संपत आली, म्हणून महत्त्वाचे लिहिते. बाबांच्या मोतीबिंदूसाठी पैसे दादाच्या खात्यात पाठवले आहेत. डॉलर ४० रुपयांच्या खाली गेल्यामुळे रक्कम ठरल्यापेक्षा कमी दिसेल, उरलेले फेब्रुवारीच्या पगारातून पाठवते, ऑपरेशन त्यासाठी अडवून ठेवू नका. मला त्या वेळी येता येणार नाही. व्हिसाच्या नूतनीकरणाचे कागद आत आहेत आणि अशा वेळी देश सोडू नये असे वकिलाने सांगितले आहे, मी येण्याचे टाळते आहे असा अर्थ कृपा करून काढू नका. वहिनी दवाखान्यात रजा काढून बसणार हे मला ठाऊक आहे, तिला वेगळे पत्र लिहिणार आहे.

नाशिकच्या स्थळाचा फोटो आणि बायोडेटा मिळाला. माझे वय मला माहीत आहे आणि आत्याबाईंनी ते दर रविवारी मोजण्याची गरज नाही. मुलगा दिसायला सालस आहे, पण पाच वर्षांत तीन नोकऱ्या का बदलल्या ते बाबांनी विचारून घ्यावे, आणि लग्नानंतर मी नोकरी करणार हे आजच त्यांच्या कानावर घालावे. ते चालत असेल तर माझा फोन नंबर द्यायला हरकत नाही, त्याने इथल्या रविवारी सकाळी दहाला फोन करावा. हॉलसाठी चौकशी मात्र एवढ्यात करू नका, आणि आई, तू दागिने मोडायला काढू नकोस, त्याची सोय मी इथून करते.

तुमची आज्ञाधारक,
बेबी