दाढांपर्यंत पाहणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

म्हाताऱ्या गिनी पिगने खाणं सोडलं की बहुतेक घरांत आधी पुढचे दात बघतात. ते लांब दिसले तर कापून आणतात, ठीक दिसले तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसतात. तुम्ही मात्र दर वेळी दाढा बघता. गेली काही वर्षं आमच्यासारख्या पाळणाऱ्यांची म्हातारी जनावरं तुमच्या या आग्रहामुळे जगली आहेत. त्याबद्दल आभार मानायचे आहेत. आणि तुम्ही तपासणीच्या टेबलापाशी उभं राहून जे जे शिकवता ते इथे लिहूनही ठेवायचं आहे, कारण गिनी पिगच्या तोंडात हात घालणारे डॉक्टर अजून फार थोड्या गावांत आहेत.

गिनी पिगला एकूण 20 दात असतात. पुढे पटाशीचे चार, मागे चारही बाजूंना चार-चार दाढा, आणि मधे मोकळी जागा. हे सगळेच्या सगळे दात मरेपर्यंत वाढत राहतात. उंदराचे फक्त पुढचे वाढतात, त्यामुळे लोक गिनी पिगलाही तोच हिशोब लावतात आणि कुरतडायला लाकडाचा तुकडा देऊन निर्धास्त होतात. दाढा झिजतात त्या जबडा फिरवत गवत दळल्यामुळे.  गाजर, काकडी, पोळीचा तुकडा, बिस्किट हे दोन-चार चावांत संपतं. गवताची एकेक काडी कितीतरी वेळ दळावी लागते. वर गवतात सिलिका, म्हणजे वाळूतलं कठीण द्रव्य, असते, ती दाढेला घासते.

खालच्या दाढा मुळातच आत, जिभेकडे कललेल्या असतात आणि वरच्या बाहेर, गालाकडे. झीज कमी पडली की खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी जिभेवर वाढत येतात आणि शेवटी त्यांची जिभेवर कमान होते. जीभ त्याखाली अडकते. वरच्या दाढांची टोकं गालाला टोचून जखम करतात. जनावर भुकेलेलं असतं, ताटलीपाशी धावत येतं, हुंगतं, तुकडा उचलतं आणि टाकून मागे सरतं. ‘त्याला आज नको असेल’ असं वाटायला लावणारी ही हालचाल म्हणजे दाढांच्या दुखण्याची सगळ्यात स्पष्ट खूण आहे, हे तुम्ही ज्यांना एकदा दाखवलंत ते पुन्हा विसरत नाहीत.

इतर खुणाही तुम्ही क्रमाने सांगता. आधी वाळलेलं गवत सुटतं, मग पेलेट्स (तयार खाद्याच्या कडक गोळ्या), मग कडक भाज्या. मऊ कोथिंबीर शेवटपर्यंत खाल्ली जाते आणि म्हणून घरच्यांना वाटतं की खाणं चालू आहे. लेंड्या लहान, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या होतात. हनुवटीखालचे केस ओले राहतात. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे एका डोळ्यातून पाणी येणं किंवा डोळा किंचित पुढे आल्यासारखा दिसणं हेही दाताचं असू शकतं. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवताना उंचवटा लागला, तर मुळं खाली हाडात वाढली आहेत किंवा गळू होतंय अशी शंका घ्यायची.

पण या सगळ्याच्या आधी वजन बोलतं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर प्लॅस्टिकची टोपली, टोपलीसकट शून्य करायचं आणि जनावर आत बसवायचं. रोजची वेळ तीच, सकाळच्या भाजीच्या आधी. तरुण जनावराचं आठवड्यातून एकदा, पाच वर्षांपुढच्याचं दोनदा, आजाऱ्याचं रोज. पोट भरलेलं की रिकामं, यानेच वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो, त्याने घाबरायचं नाही. आठवड्यात पन्नास ग्रॅम गेले तर फोन करायचा. नेहमीच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला, म्हणजे 900 ग्रॅमच्या जनावराचे 90 ग्रॅम, तर त्याच दिवशी यायचं. बारा तास काहीच खाल्लं नाही, तर वजन न बघता यायचं, कारण गिनी पिगचं आतडं रिकामं राहिलं की त्याची हालचालच थांबते आणि यकृतावर चरबी चढू लागते. तुमचे हे आकडे अनेक घरांतल्या फ्रिजवर चिकटवलेले आहेत.

पुढच्या दातांबद्दल तुम्ही जे थांबवलंत त्याचेही आभार मानायला हवेत. नखं कापायच्या कात्रीने दात कापला की तो उभा चिरतो, कधी हिरडीच्या आतपर्यंत. मग आतला मगज उघडा पडतो आणि तिथून पू धरतो. दात कमी करायचाच तर फिरत्या बरने, म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडच्या घासणाऱ्या टोकाने, जीभ आणि ओठ पट्टीने बाजूला धरून. शिवाय खालचे पटाशीचे दात वरच्यांपेक्षा बरेच लांब असणं हे या जनावरात स्वाभाविक आहे. ते ‘वाढलेत’ असं समजून कापले, तर चांगल्या जनावराचं खाणं आपणच बंद करतो. खरोखर वाढले किंवा तिरके झाले असतील, तर बहुतेक वेळा कारण मागे दाढांत असतं: दाढा उंच झाल्या की तोंड पूर्ण मिटत नाही आणि पुढचे दात एकमेकांना घासत नाहीत. नुसते पुढचे कापून दिलेलं जनावर काही दिवसांनी पुन्हा उपाशी बसतं. हे दुष्टचक्र आम्ही फार ठिकाणी पाहिलं आहे.

जागेपणी कान तपासायच्या दुर्बिणीने दाढा बघता येतात, पण गालाचे आत वळलेले भाग आणि तोंडात साठलेला चोथा यांमुळे निम्मं दिसत नाही. तरीही तुम्ही आधी तसं बघता आणि ‘काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं नव्हे’ हे स्पष्ट सांगता. मग भूल देऊन तपासणी आणि डोक्याचे एक्स-रे: एक बाजूने, दोन तिरपे, एक वरून, एक समोरून. घरच्यांना खर्च जड वाटतो हे तुम्हाला कळतं, म्हणून प्रत्येक फोटो कशासाठी हे तुम्ही पडद्यावर बोट ठेवून समजावता. दाढेचा वरचा भाग घासून कमी करता येतो. हाडात खाली वाढलेलं मूळ घासता येत नाही. पुढे काय होणार हे त्या तिरप्या फोटोंवरच ठरतं.

भुलेआधी उपाशी ठेवायचं नाही, हे तुम्ही फोनवर दोन-दोनदा बजावता. कुत्र्या-मांजराला रात्रभर उपाशी ठेवतात ते उलटी होऊ नये म्हणून. गिनी पिगला उलटी करताच येत नाही. भीती असते ती तोंडात राहिलेल्या चोथ्याची. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून खाणं थोडाच वेळ बंद आणि मास्क लावण्याआधी सिरिंजने पाणी सोडून तोंड स्वच्छ. या जनावराच्या घशाचं दार इतकं अरुंद असतं की नळी घालणं फार अवघड जातं, म्हणून काम झटपट उरकायचं आणि अंग गरम ठेवायचं. दाढांचा घासणारा पृष्ठभाग सपाट नसतो, सुमारे 30 अंशांनी तिरपा असतो. तो तिरपेपणा राखून घासणं हे खरं कसब. सगळं सपाट करून टाकलं तर दाढा पुन्हा नीट जुळत नाहीत. हे कसब तुमच्या हातात आहे, आणि त्याचं मोल आम्ही जाणतो.

घरी आल्यावर लगेच खाईल ही अपेक्षा तुम्ही आधीच काढून टाकता, हे फार बरं करता. कित्येक दिवस न चावल्याने जबड्याचे स्नायू सैल पडलेले असतात, तोंडात घासल्याच्या जागा दुखत असतात. काहींना दुसऱ्या दिवशी जमतं, म्हाताऱ्यांना आठवडा-दोन आठवडेही लागतात. तोवर सिरिंज. क्रिटिकल केअर, म्हणजे आजारी जनावराला भरवायचं तयार पीठ, मिळालं तर उत्तम. नाही तर गिनी पिगच्याच पेलेट्स मिक्सरमध्ये कोरड्या दळायच्या, चहाच्या गाळणीने चाळायच्या आणि एक भाग पीठ, दोन भाग कोमट पाणी असं भिजवून दहा-पंधरा मिनिटं फुगू द्यायचं. न चाळता भरलं की सिरिंज अडते, जोर लावला जातो आणि एकदम मोठा घास घशात जातो. पातळ झालेलं चालेल, गुठळी नको. दिवसाला किलोमागे 50 ते 80 मिली, म्हणजे 800 ग्रॅमच्या जनावराला 40 ते 65 मिली, पाच-सहा वेळांत विभागून, त्यातली एक वेळ रात्रीची. एक मिलीची सिरिंज, टोक कापून कानशीने गुळगुळीत केलेलं. जनावर टॉवेलमध्ये गुंडाळून पोटावरच बसलेलं. उताणं कधीही नाही, मानही वर करायची नाही. पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून बाजूने सिरिंज आत, एका वेळी पाव ते अर्धा मिली, आणि चावून गिळलं हे दिसल्यावरच पुढचा घास. दही-भात, नाचणीची पेज, बाळांची तयार पिठं ही प्रेमाने भरवली जातात, पण त्यांत तंतू फार कमी असतात, पिष्ट किंवा दूध असतं, आणि त्याने आतडं आणखी बिघडतं.

क जीवनसत्त्वाचं तुम्ही सांगितलेलं गणितही इथे देतो. माणसासारखंच गिनी पिगलाही ते शरीरात बनवता येत नाही. रोज किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं, आजारात जास्त. कमी पडलं की दाताला हाडात धरून ठेवणारे तंतू सैलावतात, दाढा हलतात, तिरक्या होतात, आणि मग घासून काही उपयोग होत नाही. 100 ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत साधारण 80 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 900 ग्रॅमच्या निरोगी जनावराला रोज 20-25 ग्रॅम पुरते. दाढा दुखत असतील तर तिचे अगदी पातळ उभे काप करायचे. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकू नयेत. ते लवकर निकामी होतात आणि चव बदलल्याने जनावर पाणीच कमी पितं. उरलेली ताकद गवताची. टिमोथी नावाचं वाळलेलं गवत महाग पडतं, तर फवारणी नसलेली हरळी ताजी किंवा सावलीत वाळवून, बरं होत असलेल्याला कात्रीने दोन-तीन सेंटिमीटर कापून. लसूणघास (ल्युसर्न हा गुरांचा चारा) रोज नको, त्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होतात. पावसाळ्यात गवत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं की आतून घाम धरून बुरशी येते. कापडी पिशवी किंवा पुठ्ठ्याचा खोका बरा.

औषधांबाबत एक गोष्ट ठळकपणे लिहायलाच हवी, कारण तिने जीव जातो. घरातल्या मुलांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलीनचं गोड औषध गिनी पिगला देऊ नये. पेनिसिलीनच्या जातीची औषधं आणि क्लिंडामायसिन तोंडावाटे दिली की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात आणि काही दिवसांत जनावर दगावतं. ‘आधी कुणी काही दिलंय का?’ हा तुमचा पहिला प्रश्न असतो तो याचसाठी. दुखणं कमी करणारं औषध तुम्ही देता त्याच मात्रेत, पूर्ण दिवस द्यायचं; जनावर खायला लागलं म्हणून मधेच थांबवलं की ते पुन्हा तोंड मिटतं.

वजन घटतंय आणि भूक मात्र जोरात आहे, असं म्हातारं जनावर आलं की तुम्ही दातांवरच अडून राहत नाही. थायरॉईड, अंडाशयातल्या गाठी, मूतखडे हेही तपासता. आणि मुळंच हाडात गेली असतील तर ‘बरं होईल’ असं म्हणत नाही. चार ते आठ आठवड्यांनी दाढा घासाव्या लागतील, दर वेळी भूल, दर वेळी धोका, आणि स्वतःहून खाण्याचे दिवस कमी होत गेले तर थांबायचं कधी हे आपण मिळून ठरवू, असं सरळ सांगता. ऐकायला कठीण असतं. पण त्यामुळे शेवटचा निर्णय घेताना कुणालाही एकटं वाटलेलं नाही. यासाठीचे आभार कसे मानावेत ते आम्हाला खरंच सुचत नाही.

तुमच्या मदतनीस ताईंचेही मनापासून आभार. सोबतीचं जनावर बरोबर आणा, एकटं आलं की घाबरून खात नाही, हे त्या प्रत्येकाला आठवणीने सांगतात. भूल उतरत असताना गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवतात, आणि पहिली लेंडी पडेपर्यंत घरी सोडत नाहीत. टोकं घासून तयार केलेल्या सिरिंजा त्या प्रत्येक घराला देतात, त्यांचे पैसे त्यांनी कधी लावले नाहीत. पुढच्या वेळी येताना आम्ही सिरिंजांचा नवा खोका आणि कानस घेऊन येऊ. तेवढं मात्र नाही म्हणू नका.

आपले नम्र,
गिनी पिग पाळणारी आम्ही काही मंडळी, पुणे