परिसेविकेला पाळीच्या संख्येत धरू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

जिल्हा, उपजिल्हा आणि स्त्री रुग्णालयांतल्या परिसेविकांच्या, म्हणजे वॉर्डची जबाबदारी सांभाळणाऱ्या, सगळे ज्यांना इनचार्ज सिस्टर म्हणतात त्यांच्या कामाबद्दल हे पत्र आहे. मुख्य मागणी एकच आहे. ड्युटी लिस्ट लावताना परिसेविकेला पाळीतल्या परिचारिकांमध्ये मोजू नये.

आधी हिशेब बघू. एका जागेवर सकाळ, दुपार, रात्र मिळून वर्षभर एक परिचारिका हवी असेल तर 365 गुणिले 3, म्हणजे 1095 पाळ्या भराव्या लागतात. एकीच्या वर्षातून 52 साप्ताहिक सुट्ट्या, 30 अर्जित रजा आणि 8 नैमित्तिक रजा वजा केल्या की 275 दिवस उरतात. म्हणजे एका जागेला चार जणी लागतात. 30 खाटांच्या वॉर्डात प्रत्येक पाळीला दोघी ठेवायच्या तर आठ. नाइट ऑफ म्हणजे रात्रपाळीनंतरची सुट्टी, आजारपण, प्रशिक्षण आणि 180 दिवसांची प्रसूती रजा यात धरलेलीच नाही. एक पद रिक्त राहिलं आणि एक जण प्रसूती रजेवर गेली की सकाळच्या पाळीत दुसरं नाव इनचार्जचं लागतं. लिस्टवर दोन नावं दिसतात, म्हणून वरपर्यंत सगळं ठीक वाटतं. वॉर्डवर लक्ष ठेवणारं मात्र कोणी उरत नाही.

हे लक्ष ठेवणं म्हणजे काय, ते एमर्जन्सी ट्रॉलीपाशी कळतं. घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, आतले सेल गळलेत का, हाताने दाबून श्वास देण्याच्या अम्बू बॅगचे लहान-मोठे मास्क जागेवर आहेत का, ऑक्सिजन सिलिंडरची चावी सिलिंडरलाच बांधलेली आहे का, हे प्रत्येक पाळीत हात लावून बघायचं असतं. रात्री वापरलेले अ‍ॅड्रेनलिनचे अ‍ॅम्प्यूल सकाळी भरून ठेवायचे राहिले तर पुढच्या रुग्णाच्या वेळी ट्रे रिकामा सापडतो. रात्री स्टोअर बंद असतं, त्यामुळे धावत शेजारच्या वॉर्डात जावं लागतं. रजिस्टरवर सही असते, पण ती न बघता केलेली असते. ती तशी होऊ नये म्हणूनच परिसेविका आहे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं डिस्चार्जच्या वेळी, आणि ते रुग्णालयाबाहेर घडत असल्याने कुठे नोंदलंही जात नाही. इन्सुलिनचंच बघा. सरकारी पुरवठ्यातली कुपी बहुधा एक मिलीलीटरला 40 युनिटची असते आणि तिला लाल टोपीची 40 ची सिरिंज लागते. घरी गेल्यावर नातेवाईक मेडिकलमधून नारिंगी टोपीची 100 ची सिरिंज आणतात आणि 20 च्या रेघेपर्यंत भरतात. अंगात जातात फक्त 8 युनिट. उलट 100 ची कुपी आणि 40 ची सिरिंज झाली तर 20 च्या जागी 50 युनिट जातात, आणि रुग्ण झोपेतच बेशुद्ध पडू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. घरात जुनी पट्टी कंपनीच्या नावाची असते, रुग्णालयातून तीच गोळी मूळ नावाने मिळते आणि रुग्ण दोन्ही घेतो.

यावर उपाय साधा आहे. घरची औषधं पिशवीसकट मागवायची, नव्या यादीशी एकेक पट्टी ताडून बघायची, रुग्णाकडूनच सिरिंज भरून घ्यायची, फेरतपासणीची तारीख आणि ठिकाण लिहून द्यायचं आणि गावच्या आशाताईंना कळवायचं. नीट केलं तर एका रुग्णामागे वीस मिनिटं तरी जातात. पाळीत अडकलेली, एका हाताने सलाईन लावणारी सिस्टर ही वीस मिनिटं कुठून आणणार?

ओव्हरचं, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला सांगण्याचंही तेच. 8 ते 2, 2 ते 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8 अशा पाळ्यांमध्ये ओव्हर द्यायला-घ्यायला वेळच ठेवलेला नाही. एकीची ड्युटी संपते त्याच मिनिटाला दुसरीची सुरू होते. मग खाटेपाशी उभं राहून सांगायचं ते टेबलावरून, घाईत सांगितलं जातं, आणि ‘लघवी कमी होतेय, लक्ष ठेवा’ हे एक वाक्य निसटतं. पाळ्या अर्ध्या तासाने एकमेकींवर याव्यात, आणि तो अर्धा तास कामाच्या तासांत धरावा.

इंडेंट म्हणजे स्टोअरकडची सामानाची मागणी, डेड स्टॉक म्हणजे टिकाऊ सामानाची नोंद, चादरींची मोजदाद, डाएट शीट, विम्याच्या योजनांचे कागद यांना परिचर्येचं शिक्षण लागत नाही. दोन वॉर्डांमागे एक लिपिक दिला तरी परिसेविकेची सकाळ मोकळी होईल. मादक औषधांचं रजिस्टर आणि मुदतबाह्य औषधांची तपासणी मात्र तिच्याकडेच राहू द्या. तिथे तिचीच नजर हवी.

परिसेविकांची पदोन्नतीची पदं वेळेवर भरावीत. आज ज्येष्ठ अधिपरिचारिकेकडे, म्हणजे पाळीत काम करणाऱ्या स्टाफ नर्सकडे, वॉर्डचा नुसता चार्ज दिला जातो. वेतन तेच, अधिकार नाहीत, आणि ड्युटी लिस्ट कशी लावायची हेही तिला कोणी शिकवलेलं नसतं. चार्ज देण्याआधी निदान दोन आठवडे जुन्या परिसेविकेसोबत काम करायला मिळावं.

आपण रुग्णालयांना भेटी देता तेव्हा वॉर्ड झाडून-पुसून तयार असतो. पुढच्या भेटीत गेल्या महिन्याची ड्युटी लिस्ट मागवावी आणि सकाळच्या पाळीत इनचार्जचं नाव किती दिवस लागलंय ते मोजावं.

आपल्या नम्र,
सरकारी रुग्णालयांतील काही परिसेविका