बाईकचा नो क्लेम बोनस: नीट समजून घ्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या परभणी-जिंतूर भागात जवळपास घरटी एक बाईक आहे, पण इन्शुरन्स म्हणलं की पोलिसानं अडवल्यावर दाखवायचा कागद, एवढंच लोकांना माहिती. वर्षभर क्लेम केला नाही तर रिन्यूअलला सूट मिळते, हाच नो क्लेम बोनस; पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षं झाली की ५०. पण ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर असते बरं का, थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा रेट सरकारनं ठरवलेला, त्यात एक रुपया सुटत नाही, म्हणून "अर्धा इन्शुरन्स माफ" म्हणणाऱ्या एजंटचं ऐकू नका.

आरसा फुटला, इंडिकेटर तुटला तर आधी गॅरेजवाल्याला खर्च विचारा, कारण एक क्लेम केला की साठलेला बोनस साधारण झिरोच होतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी झिरो, अन् आपले लोक सोयाबीनचे पैसे आल्यावर बघू म्हणत बसतात.

बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुनी विकून नवी घेताना कंपनीकडून तसं सर्टिफिकेट घ्या, तीन वर्षं चालतं. सेकंड हँड घेणाऱ्याला मात्र आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही, कुणी तो तसाच नव्या मालकाच्या पॉलिसीत टाकून दिला तर क्लेमच्या वेळी कंपनी जुना रेकॉर्ड काढते अन् मग पैसे अडकतात. शोरूमवाल्यांनी चावी देतानाच हे सांगायला काय हरकत आहे?

- एक वाचक, जिंतूर