सुपरहिरोलाही सहा तासांचीच मुदत

संपादक महोदय,

गळ्यातली पोत ओढणाऱ्या चोराला तरुणांनी पकडून यथेच्छ चोप दिला, की बातमीत ते तरुण 'सुपरहिरो' ठरतात. म्हणून गोष्टीतल्या सुपरहिरोलाच एकदा जळगावात आणून आपले कायदे लावून पाहावेत. त्याला उडता येत असेल, भिंत फोडता येत असेल, तरी कायद्यासाठी तो खासगी व्यक्तीच. पोलिसाचा एकही अधिकार त्याला नाही.

समजा, सराफ बाजारात त्याच्या डोळ्यांदेखत एका बाईच्या गळ्यातली पोत कुणी हिसकावली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 खालचा हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) आहे. असा गुन्हा समक्ष घडला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे अटक-तपासाची पद्धत सांगणाऱ्या कायद्याचे, कलम 40 कुणालाही चोर पकडू देते. मात्र विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसाच्या हवाली करायचे, पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात न्यायचे. ही सहा तासांची मर्यादा 1 जुलै 2024 पासून नव्याने आली आहे.

गोष्टीतला नायक चोराला खांबाला बांधतो, चिठ्ठी चिकटवतो आणि निघून जातो. इथेच त्याचे चुकते. हवाली न करता बांधून ठेवणे म्हणजे बेकायदा डांबणे, न्याय संहितेचे कलम 127. शिवाय पोत त्याने परस्पर बाईच्या हातात दिली, तर मुद्देमाल चोराच्या अंगावरून पंचांसमोर जप्त झालाच नाही. ती चोराकडेच सापडली हे सांगणारा मुख्य साक्षीदार मुखवटेवाला, आणि तो उलटतपासणीला उभा राहत नाही. चोर सुटण्याची वाट नायकानेच मोकळी केली. दोन-तीन दिवसांनी धागेदोरे जुळवून त्याने चोराचे घर गाठले, तर गुन्हा 'समक्ष' राहत नाही आणि कलम 40 मिळत नाही. तेव्हा त्याने पोलिसांना कळवावे. ऑनलाइन फिर्याद देता येते, पण तीन दिवसांत येऊन सही करावी लागते. पाच हजारांहून कमी किमतीची, पहिल्यांदाच केलेली साधी चोरी तर अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. तिथे खासगी व्यक्तीला अटकेचा अधिकारच नाही.

आता माराचे बघू. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावाचा हक्क न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. दुसऱ्याच्या जिवासाठी धावून जाणाऱ्याला कायदा अडवत नाही, ही आपल्या कायद्याची मोठी गोष्ट. पण बचावाला लागेल तेवढाच मार, त्याहून जास्त नाही (कलम 37). चोरीपुरता हा हक्क केव्हा संपतो तेही कलम 43 मध्ये लिहिले आहे: चोर माल घेऊन निसटला, पोलिसांची मदत मिळाली किंवा माल परत मिळाला, की संपला. पोत हातात आल्यानंतरचा पहिला ठोसा हा बचाव नाही, तो मारहाणीचा गुन्हा. त्या ठोशाने दात तुटला किंवा हलला तर कलम 116 प्रमाणे ती जबर दुखापत, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आणि गच्चीवरून उलटे धरून, मारहाण करून कबुली वदवली, तर कलम 120 खाली पुन्हा सात वर्षांपर्यंत. हे कलम फक्त पोलिसांसाठी आहे असा समज आहे. ते सर्वांना लागू आहे.

बचावकार्यात मात्र कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. आग पसरू नये म्हणून सद्भावनेने, जीव आणि मालमत्ता वाचवण्यासाठी कुणी घरे पाडली, तर धोका तेवढाच मोठा आणि जवळ आलेला असताना तो गुन्हा नाही. कलम 19 च्या खाली हेच उदाहरण छापलेले आहे. राष्ट्रीय महामार्ग 53 वर उलटलेला ट्रक उचलून जखमीला बाहेर काढताना हातून चूक झाली, तरी मोटार वाहन कायद्याचे कलम 134-अ त्याला दिवाणी आणि फौजदारी दोन्ही जबाबदारीतून वाचवते. नाव सांगण्याची सक्तीही नाही. मुखवटा चालतो तो इथे. पण रावेरच्या केळीबागेत त्याची आणि खलनायकाची झुंज होऊन, नुकसान होणार हे माहीत असूनही लाखावर माल तुडवला गेला, तर न्याय संहितेच्या कलम 324 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि शेतकऱ्याचा भरपाईचा दावा वेगळाच.

खान्देशात हा विषय करमणुकीचा राहत नाही. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले होते. ती पाच माणसे तिथून पळून जाऊ शकत नव्हती, कुणावर हल्लाही करू शकत नव्हती. ठाण्याला निरोप देऊन, दाराला कडी लावून थांबणे एवढेच करायचे होते. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 40 तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 43 म्हणून होतेच.

म्हणून विनंती अशी, की चोर पकडल्याची बातमी छापताना चोपाचे वर्णन गाळावे, आणि पकडले किती वाजता, ठाण्यात नेले किती वाजता, मुद्देमालाचा पंचनामा झाला का, या तीन गोष्टी बातमीदारांनी आवर्जून विचारून लिहाव्यात.

आपला,
एक वाचक (फौजदारी वकील), जळगाव