देवनागरी अंक नाकारणारे ऑनलाइन अर्ज

महोदय,

मराठीतला ऑनलाइन अर्ज भरताना वयाच्या रकान्यात देवनागरीत '६०' लिहिले की कधी 'वय चुकीचे आहे', तर कधी चक्क 'अर्जदार अज्ञान (१८ वर्षांखालील) आहे' असा शेरा येतो. चूक भरणाऱ्याची नसते, पानामागच्या प्रोग्राममधल्या 'इफ-एल्स'ची, म्हणजे 'असे असेल तर हे, नाहीतर ते' या अटीची असते.

रकान्यातून जावास्क्रिप्टला, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेला, मिळते ती अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग. तिची संख्या करणाऱ्या 'नंबर' फंक्शनला फक्त इंग्रजी अंक कळतात. देवनागरी '६०' दिले की ते 'नॅन', म्हणजे 'संख्या नाही', असे उत्तर देते. खरी गोम पुढे आहे. नॅन १८पेक्षा मोठा का? नाही. लहान का? नाही. समान का? तेही नाही. त्यामुळे 'वय १८ किंवा जास्त असेल तर सज्ञान, एल्स अज्ञान' असे लिहिले की साठीचे आजोबाही एल्समध्ये पडतात. अट उलटी, 'वय १८हून कमी असेल तर नाकारा, एल्स स्वीकारा', अशी लिहिली तर देवनागरीत '१०' लिहिणारे दहा वर्षांचे मूल आत शिरते. हे जास्त धोक्याचे, कारण तक्रार कोणीच करत नाही. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेमध्ये त्याच '६०'चे पूर्णांकात रूपांतर केले तर शून्य येते.

उपाय चार-पाच ओळींचा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी ० ते ९ यांचे क्रमांक २४०६ ते २४१५, इंग्रजी अंकांचे ४८ ते ५७. म्हणून देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंकाचा क्रमांक मिळतो. हे अटीच्या आधी व्हायला हवे. मग मागचेपुढचे स्पेस काढून पहिली अट 'रकाना रिकामा आहे का' ही. कारण 'नंबर'ला रिकामी स्ट्रिंग दिली तर शून्य येते आणि रकाना सोडून देणारा अज्ञान ठरतो. दुसरी अट नॅनची, १८ची तुलना त्यानंतर. एल्स-इफची साखळी पहिल्या खऱ्या अटीपाशीच थांबते, म्हणून हा क्रम बदलू नये. हीच तपासणी सर्व्हरवरही हवी, ब्राउझरमधली स्क्रिप्ट कोणीही बंद करू शकतो.

मराठीत अर्ज मागवणाऱ्या मुंबईतल्या कार्यालयांनी कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्याआधी १७, १८ आणि ६० हे आकडे दोन्ही लिपींत, शिवाय रिकामा रकाना आणि अक्षरी 'अठरा' भरून पाहावे. याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

— एक वेब प्रोग्रामर, दादर, मुंबई