नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र : बंद घराच्या कडीला नोटीस लावून भागत नाही

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, मंत्रालय, मुंबई 400032

साहेब, नमस्कार.

मी लालबागला राहते, पण आमचं वडिलोपार्जित घर कोकणात, किल्ल्याच्या तटाला लागून. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण हे रडगाणं एकाच नगरपरिषदेचं नाहीये, आमच्या चाळीत कोणालाही विचारा, कुठल्या ना कुठल्या गावी एक कुलूपबंद घर आहेच.

आमच्याकडे चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणारी, कर आकारणी झाली, घरपट्टी वाढली आणि हरकत घ्यायची मुदत होती हे आम्हाला मुदत संपल्यावर कळलं. नोटीस बंद दाराच्या कडीला अडकवून गेले होते, पावसात तिचा पार लगदा झाला, शेजारच्या काकूंनी फोटो पाठवला त्यात गोल शिक्का तेवढा दिसत होता. बिल भरताना मोबाईल नंबर लिहून घेतात ना, मग त्याच नंबरवर एक मेसेज टाकायला काय हरकत होती?

वेबसाईट आहे, नाही असं नाही. पण सभेचे ठराव शोधायला जा, तर आडवे स्कॅन केलेले कागद, फोनवर मान वाकडी करूनही वाचता येत नाहीत आणि त्यात काही सर्च पण होत नाही. पाणी कधी बंद, कुठल्या रस्त्याचं टेंडर निघालं, हे सगळं आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डवरून, तेही खरं की खोटं देव जाणे. माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे, त्याच्या कलम 4 मध्ये लिहिलंय की अशी माहिती कोणी मागायची वाट न बघता स्वतःहून आणि स्थानिक भाषा लक्षात घेऊन द्यायची. मधे 2021 च्या शेवटापासून कितीतरी नगरपरिषदांवर प्रशासक बसले, विचारायला नगरसेवकच नाही, तेव्हा तर याची जास्तच गरज होती.

आणि जुन्या गावांचं दुखणं अजून वेगळं. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असला की हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधायचं, कायदा बरोबरच आहे, तट टिकायलाच पाहिजे. पण आपलं घर नेमकं कुठल्या पट्ट्यात येतं, नुसती कौलं आणि वासे बदलायचे तर अर्ज कुठे करायचा, हे नीट सांगणारं कोणी नाही, एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे पाठवतं. लोक एजंटला पैसे देतात, ज्यांना परवडत नाही त्यांची घरं बसतात. डोळ्यांदेखत बसतात हो, सागवानी खांबांसकट!

मुंबईत महापालिकेच्या 1916 या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवता येते. मला गावात मुंबई नकोय, पण एवढी सोय हवीय.

तेव्हा साहेब, सगळ्या नगरपरिषदांना एक परिपत्रक काढा. कर आकारणीची आणि हरकतींची प्रत्येक नोटीस घरमालकाच्या मोबाईलवर गेलीच पाहिजे, ठराव आणि टेंडर टाईप केलेल्या मराठीत टाकायचे, आणि जिथे संरक्षित किल्ला किंवा देऊळ आहे तिथे 100 मीटरचा आणि त्यापुढच्या 200 मीटरचा असे दोन्ही पट्टे दाखवणारा नकाशा, सिटी सर्व्हे नंबरासकट, ऑफिसात दर्शनी भागात आणि वेबसाईटवर लावायचा, दुरुस्तीचा अर्ज कुठे द्यायचा तेही त्याच्याच खाली लिहायचं. पुढच्या कर आकारणीच्या आधी हे झालं पाहिजे.

कळावे,
लालबागची एक रहिवासी